दरपत्रक कोणाला वाचता येतं?

रायपूरलगतच्या उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहतींत स्पंज आयर्नपासून बांधकामाच्या सळईपर्यंत सगळं बनतं. इंगट आणि बिलेट या पोलादाच्या ठोकळ्यांचा रायपूरचा भाव काय निघाला, याकडे देशभरातल्या पोलाद व्यापाऱ्यांचे डोळे असतात. हा भाव आता वेबसाइटवर आणि व्हॉट्सॲपवर फिरतो, आणि पुष्कळदा चित्राच्या रूपात फिरतो. ८, १०, १२, १६ मिमी सळ्यांचा तक्ता कुणीतरी कॉम्प्युटरवर करतं आणि त्याचं चित्र करून टाकून देतं. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरवर काम करणाऱ्या अंध माणसाला त्यातून ऐकू येतं एवढंच : 'ग्राफिक'. तोच तक्ता खराखुरा तक्ता म्हणून टाकला, रकान्यांना मथळे दिले, की यंत्र '१२ मिमी, दर' म्हणून पुढचा आकडा सांगतं.

यावर कारखानदार विचारतात, सळई घ्यायला अंध गिऱ्हाईक येणार किती? प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो गिऱ्हाइकापाशीच थांबतो. उरल्यात मला त्याहून मोठा प्रश्न नोकरीचा वाटतो. भट्टीसमोर किंवा रोलिंगच्या लाइनवर अंध माणसाला, व्हीलचेअरवरच्या माणसाला काम देता येत नाही. त्याला या वसाहतीत शिरायची वाट ऑफिसातूनच आहे : हिशेब, खरेदी, डिस्पॅच, टेंडर. आणि ही सगळी कामं आज कुणाच्या ना कुणाच्या वेबसाइटवर चालतात. पुरवठादाराचं दरपत्रक वाचता आलं नाही, ऑर्डरच्या फॉर्ममधल्या चौकटींना नावं नसल्यामुळे कुठे काय भरायचं ते कळलं नाही, तर मालक म्हणतो, याच्याकडून हे काम होत नाही. वेबसाइटची उणीव माणसाच्या नावावर जमा होते.

आणि अपंगत्व नेहमी कारखान्याच्या बाहेरूनच येतं असं नाही. तापलेली सळई, फिरते रोल, दिवसभराचा गोंगाट यांत बोटं जातात, हात जातो, ऐकू येणं कमी होतं. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याचं कलम २०(४) सरकारी कर्मचाऱ्याला अशा वेळी नोकरीवरून काढू देत नाही. पहिलं काम जमत नसेल तर त्याच पगारावर दुसरं द्यायला लावतं. हे संरक्षण खासगी कारखान्यातल्या कामगाराला नाही. त्याला टेबलाचं काम द्यायचं की नाही, हे मालकाच्या मनावर. मालकाचं मन असलं तरी डिस्पॅचच्या पोर्टलचा मेनू माउस नेमका त्याच्यावर नेल्याशिवाय उघडत नसेल, तर हात गमावल्यामुळे माउस नीट धरता न येणारा माणूस तिथे अडकतोच. कीबोर्डच्या टॅब बटणाने सगळं पोर्टल फिरता आलं असतं तर तो अडला नसता.

आपल्याकडची एक अडचण बाहेरच्या पुस्तकांत फारशी सापडत नाही. हिंदी पट्ट्यात अजून कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये मजकूर बनतो, महाराष्ट्रात तशाच श्रीलिपीत. कृतिदेवमध्ये 'उरला' असं लिहिलं तर डोळ्यांना देवनागरी दिसते. पण फाइलच्या पोटात रोमन अक्षरं असतात : एम, जे, वाय, के. स्क्रीन रीडर तेच बोलतो. शोधयंत्रालाही तेवढंच सापडतं, म्हणजे 'उरला' म्हणून शोधणाऱ्या डोळस गिऱ्हाइकालाही ते पान मिळत नाही. युनिकोड वापरला की दोघांचीही सोय होते.

अंध माणसाने आपल्या बाजूची तयारी कधीच केलेली आहे. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली सुरू केलेला आणि जेम्स तेह या अंध मित्राबरोबर पुढे वाढवलेला एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट मिळतो. कायदाही बोलला आहे. खासगी आस्थापना २०१६ च्या कायद्याच्या कक्षेत आहेत. राजीव रातुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सांगितलं की सुगम्यतेचे नियम शिफारशींपुरते राहू शकत नाहीत, ते बंधनकारक हवेत. एप्रिल २०२५ मध्ये प्रज्ञा प्रसून खटल्यात, डोळे मिचकावून ओळख पटवा असं सांगणाऱ्या केवायसीपुढे ॲसिडहल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्यांनी काय करायचं, हा प्रश्न आला. न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

त्यामुळे आता काहीजण तयार विजेट विकायला येतील : एक ओळ कोड टाका, साइट सुगम झाली. कारखानदारांनी त्यावर विश्वास ठेवू नये. असाच दावा करणाऱ्या ॲक्सेसीबी कंपनीला अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने २०२५ मध्ये १० लाख डॉलर भरायला लावले. त्यापेक्षा वेबसाइट करणाऱ्याशी करार करतानाच त्यात डब्ल्यूसीएजी या वेबसाइट-सुगम्यतेच्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या एए पातळीचं नाव घालावं, शेवटचा हप्ता त्यावर अडवून ठेवावा आणि पैसे देण्याआधी त्याला माउस बाजूला ठेवून आपल्यासमोर एक ऑर्डर पूर्ण करायला लावावी. मग रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या माणसाला बोलवून तीच ऑर्डर त्याच्याकडून करून घ्यावी. हे तपासणीचं काम आहे, त्याची रीतसर फी त्याला द्यावी. त्याचं काम आवडलं तर खरेदी विभागात जागा आहे का, तेही बघावं.