अदंभित्व, आणि मनगटावरची पट्टी



काल आपण अमानित्व पाहिलं. गीतेच्या तेराव्या अध्यायातल्या ज्ञानलक्षणांत त्याच्या पुढचा शब्द अदंभित्व. दंभ नसणं. ज्ञानेश्वरीत माउली इथे लोभी माणसाचा दृष्टांत देतात: जीव गेला तरी तो पुरलेल्या ठेव्याची जागा सांगत नाही, तसा अदंभी माणूस आपलं पुण्य झाकून ठेवतो.

पुण्य झाकायचं, हे कळलं. पण दुखणं? ते झाकायचं की दाखवायचं? माझ्यासाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. माझ्या डाव्या मनगटावर स्टीलची एक पट्टी असते आणि तिच्यावर माझं दुखणं कोरलेलं आहे.

2021 मध्ये माझी गॅस्ट्रिक बायपास झाली, म्हणजे वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया. जठराच्या वरच्या टोकाला अंड्याएवढी पिशवी करतात आणि ती थेट लहान आतड्याला जोडतात. उरलेलं जठर पोटातच राहतं, फक्त अन्न तिकडे जात नाही. बाहेरून यातलं काहीच दिसत नाही. चार-पाच बारीक व्रण, तेही शर्टाखाली. उद्या पुणे रोडवर कुणी मला बेशुद्ध उचलून कॅज्युअल्टीत नेलं, तर तिथल्या डॉक्टरला कसं कळावं? दुखण्यावर सर्रास देतात ते डायक्लोफिनॅक माझ्यासारख्याला टाळायचं असतं, जोडाच्या जागी अल्सर होण्याचा धोका असतो. नाकातून पोटात नळी अंदाजाने सरकवली तर पिशवीला इजा होऊ शकते. आणखी एक: हे ऑपरेशन झालेल्या काही जणांची साखर जेवणानंतर एक ते तीन तासांनी एकदम खाली येते. घाम फुटतो, बोलणं अडखळतं, तोल जातो. लांबून बघणाऱ्याला वाटतं, हा पिऊन आलाय.

आपल्या गड्ड्याच्या यात्रेत हे झालं तर काय होईल, विचार करा. संक्रांतीला सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघालेत, रस्ताभर पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, पाय ठेवायला जागा नाही, आणि मी त्यात कोसळलोय. लोक वाईट नसतात. कुणी मायेने तोंडात पाणी ओतेल, कुणी कांदा हुंगवेल, कुणी म्हणेल, देवाच्या यात्रेत पिऊन येतात मेले. तिघांनाही खरं काय ते सांगणारा तिथे कुणी नाही, कारण सांगणारा मीच आणि मीच बेशुद्ध.

म्हणून पट्टी. मोबाईलच्या लॉक स्क्रीनवरही ही माहिती ठेवता येते, मी ठेवलीय. पण मोबाईल फुटतो, हरवतो, आणि गर्दीत पहिला तोच जातो.

ही कल्पना जुनी आहे. 1953 मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका डॉक्टरांच्या मुलीला धनुर्वाताच्या प्रतिविषाची जबरदस्त ॲलर्जी झाली, ती मरता मरता वाचली. आई-वडील आधी तिच्या हाताला कागदाची चिठ्ठी बांधायचे, मग त्यांनी कोरीव कडं करून घेतलं. त्यातून 1956 मध्ये मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. आपल्याकडचं उदाहरण द्यायचं तर सप्टेंबर 2023 मधलं मुंबईचं. वरळीचा एक विशेष मुलगा हरवला आणि कुलाब्यात सापडला. त्याला स्वतःबद्दल काही सांगता येत नव्हतं, पण गळ्यातल्या लॉकेटमध्ये क्यूआर कोड होता. पोलिसांनी तो स्कॅन केला आणि मुलगा घरी पोचला.

माझी पट्टी मात्र साधी आहे. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालून देणाऱ्या एका कारागिराकडून कोरून घेतली. त्याने आधी विचारलं, "काय ओ साहेब, हे कुणाच्या आहेराचं?" मजकूर वाचल्यावर गप्प झाला, आणि अक्षरं फार निगुतीने काढली. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी.

आईला ती आवडत नाही. "हातात रोगाचं नाव घालून कशाला फिरतोस रे? गळ्यात माळ आहे, देव राखतोच की." तिच्या भीतीला मी नावं ठेवत नाही. पण माळ मी देवासाठी घालतो, देवाला माझी हिस्ट्री सांगावी लागत नाही. पट्टी आहे ती मला उचलणाऱ्या अनोळखी माणसासाठी. त्याला अंतर्ज्ञान नाही, आणि ते त्याच्याकडून मागणं हा मला उर्मटपणा वाटतो. (आमच्या धंद्यात रात्री तीनला सर्व्हर पडला की दुरुस्त करायला जो उठतो, त्याच्यासाठी चार ओळी लिहून ठेवायच्या असतात. तेवढंच हे.)

खरा पेच वेगळीकडे आहे. मागच्या आषाढीला देवळात एक ओळखीचे काका माझ्याकडे बोट दाखवून मुलांना सांगत होते, "बघा रे, एकादशीचं फळ! केवढा होता, केवढा झाला." काकांचा भाव चांगला होता. शेजारी आठवी-नववीतला एक जाड मुलगा उभा होता, तो माझ्याकडे टक लावून बघत होता. मी म्हटलं, "काका, उपवासाने नाही, ऑपरेशनने." आणि पट्टी दाखवली. काकांचा चेहरा पडला. "असू दे की, मुलांसमोर कशाला," असं पुटपुटले.

का सांगायचं? मी गप्प बसलो असतो तर न केलेलं पुण्य माझ्या खात्यावर जमा झालं असतं. दंभाला तोंड उघडावंच लागतं असं नाही, लोक चुकीचं कौतुक करत असताना नुसतं हसून उभं राहिलं तरी पुरतं. आणि त्या मुलाचं काय? तो घरी जाऊन एकादश्या धरेल, वजन हलणार नाही, आणि आपलीच भक्ती कमी पडली असं समजेल. विठ्ठलाच्या नावावर एवढं खोटं मला नको होतं. 2011 मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, पेपरात छापून आलं. तरीही आपल्या घरांत हा विषय निघाला की आवाज खाली येतो. जणू वजन म्हणजे पाप आणि ऑपरेशन म्हणजे प्रायश्चित्तातली पळवाट.

याचा अर्थ सगळ्यांना सगळं सांगत सुटायचं असा मी घेत नाही. ऑफिसात पट्टीची लिहिलेली बाजू मी आतल्या अंगाला वळवून ठेवतो. ज्याला उपयोग आहे त्याने वाचावं. आणि उलटा धोकाही मला दिसतो. दुखण्याचाही दंभ होतो. "माझं ऑपरेशन" हा किस्सा रंगवून सांगताना कधीकधी गोडी लागते, चार लोक ऐकतात, बरं वाटतं. पुण्य मिरवायचं नाही म्हणून आजार मिरवायचा, हे मन फार सहज करतं. तिथे मी अजून चाचपडतोय. याच यादीत पुढे व्याधी आणि त्यातलं दुःख वारंवार पाहणं हेही ज्ञानाचं लक्षण म्हटलंय. पाहणं. रोज सकाळी पट्टीचा हूक लावताना मी ते एकदा वाचतो, व्हिटॅमिनच्या गोळ्या घेतो आणि कामाला लागतो.

उद्याचा शब्द अहिंसा. माउलींनी त्यावर इतक्या ओव्या लिहिल्यात की आपल्याला दोन दिवस तरी लागतील.