आक्षेपाधीन गोल

नीतीचे प्रश्न दिवसाउजेडी पडत नाहीत, असं माझं एक जुनं मत आहे. दिवसा माणसाला नळाचं पाणी, लाइटचं बिल आणि रिक्षावाल्याकडचे सुट्टे पैसे एवढेच प्रश्न पडतात. आपल्या माणसाने केलेल्या लबाडीला लबाडी म्हणावं की हुशारी, हा प्रश्न पडायला रात्रीचा एक वाजावा लागतो. आमच्या घरी तो दर चार वर्षांनी वाजतो. फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की आमचं घर महिनाभर तत्त्वज्ञान करतं. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू तरुणपणी अल्जीरियात गोलकीपर होता, आणि नीतीबद्दल आपल्याला जे काही कळलं ते फुटबॉलमुळे, अशा अर्थाचं तो बोलून गेला आहे. हे मी एकदा अण्णांना सांगितलं. अण्णा म्हणाले, "सुचणारच. गोलकीपर अर्धा वेळ रिकामाच असतो."

अण्णा म्हणजे आमचे वडील. त्यांच्याकडे वळण्याआधी गावाबद्दल दोन शब्द सांगायला हवेत, कारण आम्ही कोल्हापूरचे. बाहेरगावचा पाहुणा इथे येतो तो अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा-पांढरा रस्सा एवढं उरकून परत जातो. त्याला हे माहीत नसतं की या कुस्तीच्या गावात तालमींनी फुटबॉलचे संघ काढले आहेत. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ ही नावं इथे देवादिकांच्या खालोखाल घेतली जातात. शाहू स्टेडियमवर सामना असला की अर्धं गाव तिकडे असतं. तिथे एक चमत्कार मी लहानपणापासून पाहत आलो आहे. समोरच्या संघाच्या खेळाडूचा हात चेंडूला लागला, तर तो शेवटच्या पायरीवरच्या चष्मा विसरून आलेल्या आजोबांनाही दिसतो आणि "हँड! हँड!" असा एकच गिल्ला होतो. आपल्या पेठेच्या पोराचा हात लागला, तर पहिल्या रांगेतल्या डॉक्टरलाही तो खांदा वाटतो.

या गावात अण्णा सरकारी हिशेबतपासनीस होते. ऑडिटवाले. फुटबॉल ते आयुष्यात खेळले नाहीत, पण बघायचे व्हाउचर तपासावं तसा. आपल्या तालमीचा गोल ऑफसाइड असेल तर भर स्टेडियमवर उठून तसं सांगायचे. त्यामुळे त्यांच्या दोन्ही बाजूंची एकेक खुर्ची कायम मोकळी असायची. कचेरीतही त्यांचं असंच चालायचं. सत्तरच्या दशकात एका कामाच्या खर्चावर त्यांनी आक्षेप घेतला. साहेबांनी मागे घ्यायला सांगितला, अण्णांनी घेतला नाही. चार वर्षांत तीन बदल्या झाल्या. आम्ही भावंडांनी चार वर्षांत चार शाळा पाहिल्या, आणि आईने सामान बांधण्याचं असं काही कसब कमावलं, की काचेची बरणी कशात गुंडाळावी हे विचारायला आजही गल्लीतल्या बायका तिच्याकडे येतात. आई त्यावर कधी बोलली नाही. म्हणजे, फुटबॉलचा विषय निघेपर्यंत बोलली नाही.

१९८६ सालच्या २२ जूनला रविवार होता. मेक्सिको सिटीच्या अझ्तेका स्टेडियममध्ये भर दुपारी अर्जेंटिना-इंग्लंड सामना, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेअकराला. बाहेर पाऊस, गच्चीवर अँटेना धरून धाकटा भाऊ, आणि आमच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीसमोर पंचवीस माणसं. एक संघ पांढरा दिसत होता, दुसरा काळपट. पांढरे ते इंग्रज, एवढं कळल्यावर खोलीतल्या सगळ्यांना आपली बाजूही कळली. चार वर्षांपूर्वी फॉकलंड बेटांवरून या दोन देशांची लढाई झाली होती. फॉकलंड कुठे आहे हे खोलीत कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं, पण इंग्रज तिथेही गेले होते म्हटल्यावर पुरे होतं.

पूर्वार्ध कोरा गेला. आत्याने चहा टाकला. तिचा सोमवारचा कडक उपास. अण्णा घड्याळ दाखवून म्हणाले, "अक्का, बारा वाजून गेले. सोमवार लागला." आत्या म्हणाली, "तो इंग्रजांचा सोमवार. आपला सूर्योदयाला लागतो," आणि साखरेचा दीड चमचा घालून तिने चहा घेतला. लक्षात घ्या, नियम वाकवायला आमच्या खोलीत सुरुवात झाली ती मॅराडोनाच्या आधी.

मग ५१वं मिनिट. इंग्लंडच्या स्टीव्ह हॉजने दूर मारायला गेलेला चेंडू त्याच्याच गोलकडे उंच उडाला. एका बाजूने सहा फुटांवरचा गोलकीपर शिल्टन झेपावला, दुसऱ्या बाजूने पाच फूट पाच इंचांचा मॅराडोना. आणि चेंडू गोलात! खोली उठून नाचायला लागली. शिल्टन हात वर करून रेफ्रीच्या नावाने ओरडत होता. ट्युनिशियाचा रेफ्री बेनासर मधल्या रेषेकडे धावत गेला. नाचणाऱ्या खोलीत एकटे अण्णा बसून होते. ते म्हणाले, "हँड."

काय शांतता पसरली सांगू! पुन्हा दाखवलं तेव्हा सगळ्यांनीच पाहिलं, आणि पाहिल्यावर प्रत्येकाला आपापलं तत्त्वज्ञान सुचलं. तालमीचे काका म्हणाले, "आवो अण्णा, इंग्रजानं दीडशे वरसं हातानंच हाणलं की! ह्यानं एकदा हाणलं तर बिघडलं कुठं?"

"त्याची वसुली त्या खात्यातून करा. हे खातं वेगळं आहे."

आत्याने महाभारत काढलं. भीमाने गदायुद्धात कमरेखाली मारलंच ना? मग? अण्णा म्हणाले, "मारलं. आणि बलराम नांगर उचलून धावला, तेही वाच. अक्का, बलराम तीर्थयात्रेहून येत होता, त्याला दोन्हीकडचं काही घेणं नव्हतं, म्हणून त्याला दिसलं." मग जरा थांबून, "आणि नरो वा कुंजरो वा म्हटल्यावर धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा तो खाली आला. चारच बोटं. हातालाही तेवढीच असतात, अंगठा सोडला तर."

हे चाललं होतं तोवर, चारच मिनिटांत, तो दुसरा गोल झाला. स्वतःच्या अर्ध्यातून निघालेला तो बुटका माणूस एकेका इंग्रजाला बाजूला टाकत, शेवटी शिल्टनलाही चकवून, चेंडू आत ठेवून आला. पुढे २००२ साली जगाने तो शतकातला सर्वोत्तम गोल म्हणून निवडला. आमच्याकडे त्याचा निकाल त्याच रात्री लागला, कारण अण्णा उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. अण्णांना मी कशासाठीही उभं राहून टाळ्या वाजवताना पाहिलेलं नव्हतं. राष्ट्रगीताला ते उभे राहायचे, पण तिथे टाळ्या नसतात.

काकांनी लगेच पकडलं, "आता कसं? माणूस एकच की!"

"माणूस एकच. व्हाउचरं दोन. एक पास, एक नापास."

पण अण्णांचा चेहरा मात्र समाधानी नव्हता. ८१व्या मिनिटाला लिनेकरने इंग्लंडचा गोल केला, सामना २-१ असा संपला, आणि मंडळी पेठेत फटाके शोधायला बाहेर पडल्यावर ते मला म्हणाले, "फरक किती राहिला? एका गोलाचा. म्हणजे नेमका जो आक्षेपात आहे तेवढाच. आणि पहिला झाला नसता, ते लोक गोंधळले नसते, तर दुसरा झाला असता का? चोरीच्या भांडवलावर सचोटीने केलेला धंदा कोणत्या रकान्यात घालायचा?" सामन्यांचे निकाल लिहायची त्यांची एक वही होती. तीत त्या रात्रीची नोंद अशी आहे: 'अर्जेंटिना २ (पैकी १ आक्षेपाधीन), इंग्लंड १.'

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेपरात आलं, की मॅराडोनाने त्या गोलाचं थोडं श्रेय देवाच्या हाताला दिलं आहे. आत्या खूष झाली. "देवाला चार हात. एक दिला असेल उसना." अण्णा म्हणाले, "त्यांच्या देवाचं मला माहीत नाही. आपला पांडुरंग मात्र युगानुयुगं हात कमरेवर ठेवून उभा आहे. त्याच्यावर हँड कुणी देणार नाही."

जग मात्र अण्णांच्या वहीप्रमाणे चालत नाही. त्या सामन्यातला मॅराडोनाचा शर्ट, त्याच हॉजने बदलून घेतलेला, २०२२च्या मे महिन्यात ७१ लाख पौंडांना विकला गेला. चेंडू रेफ्री बेनासरने जपून ठेवला होता. तोही त्याच वर्षी २० लाख पौंडांना गेला. ज्याचा चेंडू चुकीचा उडाला आणि ज्याला हात दिसला नाही, त्या दोघांचं भलं झालं. शिल्टनने विकायला काय काढावं?

पण आमच्या घरातला खरा खटला उभा राहिला तो २०१०च्या जुलैत. अण्णा ऐंशीचे झाले होते, आई चौऱ्याहत्तरची, माझी मुलगी अकराची. उपउपांत्य सामना, जोहान्सबर्ग, घाना विरुद्ध उरुग्वे. आफ्रिकेतल्या पहिल्या वर्ल्ड कपमध्ये आफ्रिकेचा एकच संघ उरलेला. जिंकला असता तर उपांत्य फेरी गाठणारा त्या खंडातला पहिला ठरला असता. १-१ बरोबरी, जादा वेळही संपत आलेला, आणि गोलात चाललेला घानाचा चेंडू उरुग्वेच्या सुआरेझने, तो गोलकीपर नसताना, रेषेवर उभं राहून दोन्ही हातांनी बाहेर ढकलला. या वेळी रेफ्रीला दिसलं. लाल कार्ड. पेनल्टी. घानाच्या ग्यानने ती आडव्या दांडीवर मारली. मग टायब्रेकर. त्यात याच ग्यानने पहिली पेनल्टी बिनचूक मारली, पण घाना २-४ असा हरला.

मुलगी रडायलाच लागली. रात्रीचे अडीच-पावणेतीन, आणि ती म्हणत होती की हे चीटिंग आहे. मी म्हटलं, अण्णा आता वही काढणार. अण्णा म्हणाले, "मॅराडोनापेक्षा हा बरा. याने केलं आणि भरलं. नियमात जी शिक्षा होती ती पूर्ण भोगली. बाकी शून्य."

"पण आजोबा, घानाला गोल कुठे मिळाला?"

अण्णा गप्प. प्रश्न बिनतोड होता. रग्बीत असं झालं तर रेफ्री सरळ गुण देऊन टाकू शकतो. फुटबॉलमध्ये गेलेल्या गोलाच्या बदल्यात मिळते ती फक्त संधी. गुन्हेगाराला शिक्षा झाली म्हणजे ज्याचं गेलं त्याला परत मिळालं, असं होत नाही. ही गोष्ट चाळीस वर्षं ऑडिट केलेल्या माणसाला अकरा वर्षांच्या नातीने सांगितली.

तेव्हा आई बोलली. "घर पेटलंय आणि तो हात कमरेवर ठेवून उभा राहिला असता तर चाललं असतं होय तुम्हाला? आपल्या माणसांसाठी हात घातला त्याने. स्वतः बाहेर गेला. काय वाईट केलं?"

मुलगी डोळे पुसत आजोबांकडे वळली. "तुम्ही असता तर? हात लावला असता?"

अण्णा उत्तर जुळवायला लागले, पण त्यांच्याआधी आई म्हणाली, "नसता लावला. गोल होऊ दिला असता, आणि आम्ही सामान बांधलं असतं."

आम्ही सगळे हसलो. अण्णाही हसले, पण हसू उरकल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. सकाळी मी वही पाहिली. 'गुन्हा सिद्ध. शिक्षा भोगली. घानाची भरपाई बाकी.' आणि खाली वेगळ्या शाईत, बहुधा पहाटे लिहिलेलं, 'इतरांचीही.' ती वही आईने वाचली की नाही, मी विचारलेलं नाही. पण अण्णांनी त्या दिवशी दहाच्या सुमाराला स्वतः चहा केला आणि तिला नेऊन दिला. साखर विसरले होते.

२०१५ साली अण्णा गेले. वही आईने तिच्या उशाशी ठेवली. २०२२च्या २ डिसेंबरला कतारमध्ये पुन्हा घाना-उरुग्वे लागलं. सुआरेझ आदल्या दिवशी म्हणाला होता, की मी माफी मागणार नाही, पेनल्टी त्यांच्या माणसाने घालवली. उरुग्वे २-० असा जिंकला, पण त्याच वेळी दक्षिण कोरियाने पोर्तुगालला हरवलं, आणि जिंकूनही उरुग्वे बाहेर गेला. सुआरेझ बाकावर बसून रडत होता. घानाही बाहेरच होता, पण त्यांचे लोक खूष दिसत होते.

मुलगी म्हणाली, "झाली की वसुली!"

"कशाची?" आई म्हणाली. "रडला म्हणून घानाला काय मिळालं? तूच विचारलं होतंस ना?" मुलगी गप्प बसली. आईने वही पुढे केली आणि मला लिहायला लावलं, 'उरुग्वे २, घाना ०. दोघेही घरी. मागील बाकी कायम.'

त्याच रात्री साडेबाराला ब्राझील-कॅमेरून होतं. मी म्हटलं, आई, झोप आता. शहाऐंशीव्या वर्षी कसली झोप, म्हणून ती बसून राहिली. गल्लीत ब्राझीलचे झेंडे लागलेले. जादा वेळेत कॅमेरूनच्या अबूबकरने डोक्याने गोल केला आणि आनंदाच्या भरात शर्ट काढून भिरकावला. शर्ट काढला की पिवळं कार्ड, आणि त्याला एक आधीच मिळालेलं होतं. म्हणजे लाल. रेफ्री त्याच्याकडे आला, हसला, त्याच्याशी हात मिळवला, आणि मग कार्ड दाखवून त्याला बाहेर काढलं. तोही हसत गेला.

बाहेर ब्राझीलवाले कण्हत होते. आई पुढे वाकून बघत होती.

"आधी हात मिळवला, नाही का रे?"

"हो."

"यांच्या साहेबाने तेवढं करायला हवं होतं," आई म्हणाली, आणि वही मिटून आत झोपायला गेली.