सही जुळत नाही

वडिलांकडून मुलाला काय काय मिळतं! कुणाला वाडा मिळतो, कुणाला आंब्याची बाग मिळते, आणि कुणाला त्या बागेवरून चुलतभावांशी चाललेला कोर्टातला दावा मिळतो. माझे वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांच्याकडून मला एक भिंतीवरचं घड्याळ आणि पन्नास टक्के शक्यता मिळाली. घड्याळ बंद आहे. शक्यता चालू आहे.

शक्यता कशाची, ते सांगतो. हंटिंग्टनचा आजार नावाचा एक रोग आहे. जॉर्ज हंटिंग्टन या अमेरिकन डॉक्टरने १८७२ साली, वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, त्याचं नेटकं वर्णन लिहिलं. त्याचे वडील आणि आजोबाही डॉक्टरच, त्यामुळे एकाच घराण्यातले रोगी तिघांनी पिढ्यानपिढ्या पाहिलेले. म्हणजे एका घरात डॉक्टरकी वारशाने आली आणि दुसऱ्या घरात रोग! यात मेंदूतल्या पेशी हळूहळू मरतात, हातपाय आपल्याला न विचारता हलू लागतात, तोल जातो, स्वभाव बदलतो, पुढे विचारही अडखळतो. बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान हे सुरू होतं. मी सेहेचाळीस वर्षांचा आहे. म्हणजे ऐन मुदतीत आहे.

अप्पांचं अक्षर सुरेख. फळ्यावर सुविचार लिहायचं काम शाळेत कायम त्यांच्याकडे. मी बँकेत नुकताच चिकटलो होतो, तेव्हा एक दिवस त्यांचाच चेक माझ्या टेबलावर आला. कार्डावरच्या नमुन्याची सही म्हणजे मोत्यांचा सर, आणि चेकवरची सही म्हणजे तो सर तुटल्यावर मोती गेले ते. मी नियमाप्रमाणे ‘सही जुळत नाही’ असा शेरा मारून चेक परत केला, आणि घरी येऊन वर ऐकवलं, “अप्पा, सही तरी नीट करत जा.”

“पेन खराब आहे रे,” अप्पा म्हणाले. दिवाळीपर्यंत आम्ही तीन पेनं बदलली.

पुढे त्यांची चाल बदलली. आळीत कुजबुज झाली, की मास्तरांनी उतारवयात सुरू केली वाटतं! ज्यांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नाही, त्यांच्याबद्दल हे. रोगाचं नाव कळायला आणखी दोन वर्षं गेली, आणि कळल्यावर डॉक्टरांनी अप्पांकडे बघायचं सोडून आम्हा दोघा भावांकडे बघितलं.

आई-वडिलांपैकी एकाला हा रोग असला, की प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. आत्याने लगेच वाटणी केली, “दोघं आहात ना? मग एकाला होईल, एकाला नाही.” हे गणित चूक आहे. प्रत्येकाचं नाणं वेगळं उडतं, आणि नाण्याला आधीचा छापा-काटा आठवत नाही. मी बी. कॉम. असल्यामुळे मला हे पाठ आहे. तरीसुद्धा धाकट्याच्या हातून चमचा पडला, की मला क्षणभर हायसं वाटायचं. मग दिवसभर स्वतःची लाज वाटायची.

तेव्हापासून मी माझा स्वतःचा ऑडिटर झालो. पुरुषाचा उजवा डोळा लवला तर शुभ म्हणतात. माझा लवला की मला न्यूरॉलॉजिस्ट आठवतो. कॅशमध्ये पाचशे रुपये कमी भरले, तर इतर लोक खिशाची काळजी करतात, मी मेंदूची करतो. एका पायावर उभं राहून पँट चढवायची, ही माझी रोजची सकाळची परीक्षा. बाद झालेल्या स्लिपांच्या पाठीवर पन्नास-पन्नास सह्या करायच्या आणि पहिली पन्नासावीशी जुळवून बघायची. पन्नासावी कधीच जुळत नाही. कुणाचीच जुळणार नाही, पण हे रात्री दोन वाजता कळत नाही.

एकदा कप फुटल्यावर मी तुकड्यांकडे टक लावून बसलो, तर सौभाग्यवती म्हणाली, “अहो, तुम्ही लग्नात हारसुद्धा पाडला होता!”

तिने धीर द्यायला म्हटलं. मी मनात म्हटलं, म्हणजे तेव्हापासूनच!

आता तुम्ही विचाराल, की मग एकदा तपासून का घेत नाही? सोय आहे. १९९३ साली या रोगाचं जनुक सापडलं. चौथ्या गुणसूत्रावर सी-ए-जी अशी तीन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. चाळीस किंवा त्याहून जास्त वेळा आली, की रोग कधीतरी होणारच. रक्ताची एक नळी दिली की निकाल. पण निकाल लागल्यावर करायचं काय? हालचाली कमी करणारी औषधं आहेत, रोग मुळातून बरा करणारं आजही नाही. म्हणूनच बहुतेक मुलं ही चाचणी करूनच घेत नाहीत. नॅन्सी वेक्सलर या अमेरिकन बाईंच्या आईला हा रोग झाला. बाईंनी व्हेनेझुएलातल्या माराकाइबो सरोवराकाठच्या गावांत वर्षानुवर्षं जाऊन रक्ताचे नमुने गोळा केले आणि जनुकाच्या शोधाला मोठा हातभार लावला. २०२० साली त्यांनी जाहीर केलं, की तो रोग आपल्यालाही झाला आहे. ज्यांनी कुलपाची किल्ली शोधायला जन्म घातला, त्यांनाही दार उघडावं की नाही हा प्रश्न होताच. माझ्यासारख्या क्लार्कने उगाच शूरपणाचा आव का आणावा?

तेव्हा मी ठरवलं, की न जाणण्याचा माणसाला हक्क आहे. कॉमर्समध्ये याला आधारही आहे. कंपनीवर दावा चालू असेल आणि निकाल कसा लागेल ते ठाऊक नसेल, तर ती रक्कम ताळेबंदात देण्याच्या बाजूला घेत नाहीत. खाली तळटीपेत लिहून ठेवतात. मी मात्र ती तळटीप रोज उचलून वर घेत होतो आणि न घेतलेल्या कर्जाचे हप्ते फेडत होतो. चाचणी करायची नाही म्हणायचं आणि रोज सकाळी पँट चढवताना तीच करायची, याला हक्क बजावणं म्हणत नाहीत. उद्या नाणं माझ्या बाजूने पडलेलं निघालं, तर हे हप्ते मला कोण परत देणार?

पण खरा घोटाळा पुढेच आहे. माझी मुलगी एकोणीस वर्षांची आहे. परवा तिच्या हातून वाटी पडली. मी वाटीकडे पाहिलं नाही, तिच्या बोटांकडे पाहिलं. आणि मी पाहतोय, हे तिने पाहिलं.

“बाबा, आता माझ्याही सह्या जुळवणार का?”

मी सगळं सांगायला बसलो, तर पोरीला सगळं ठाऊक! तिला हेही ठाऊक होतं, की तिने चाचणी केली आणि ती वाईट निघाली, तर माझाही निकाल त्यातच लागतो, कारण तिच्याकडे ते माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून येणार? “म्हणून थांबलेय,” ती म्हणाली. “तुला कळून घ्यायचं नाहीये ना.”

माझा न जाणण्याचा हक्क इतकी वर्षं ही पोरगी सांभाळत होती, आणि मी तिची बोटं तपासत होतो! मी म्हटलं, “तुला जेव्हा जाणून घ्यावंसं वाटेल, तेव्हा तुझा हक्क आधी. डॉक्टरांकडे बोलायला मी बरोबर येईन. माझं काय निघायचं ते निघू दे.”

“आत्ता नाही वाटत,” ती म्हणाली. “फक्त तू बघू नकोस.”

तर सध्या आमच्या घरात नियम आहे: पडलेली वस्तू उचलायची, तपासायची नाही. नियम अवघड आहे. मी दिवसातून चारदा तरी मोडतो. बँकेतही एक बदल केलाय. एखाद्या म्हाताऱ्याची सही जुळली नाही, की शेरा मारण्याआधी त्याला खुर्ची देतो, पाणी विचारतो, आणि म्हणतो, “आजोबा, सावकाश करा. पेन खराब असेल.”

काल रात्री माझ्या हातून आमटीचं पातेलं कलंडलं. तिघंही गप्प. मुलगी उठली, तिने फडकं आणलं. मी मात्र भिंतीवरच्या बंद घड्याळाकडे बघत अगदी तत्त्वज्ञासारखा बसून राहिलो.

“अहो,” सौभाग्यवती म्हणाली, “तपासू नका म्हटलंय. पाय उचलू नका असं नाही म्हटलं.”