ययाती स्वर्गातून का पडला?

काशीच्या दशाश्वमेध घाटावरून दक्षिणेकडे चालत निघाले की शीतला घाट आणि अहिल्याबाई घाट मागे टाकून मुन्शी घाट लागतो. नागपूरकर भोसल्यांचे अर्थमंत्री श्रीधर नारायण मुन्शी यांनी तो १८१२ मध्ये बांधला. तो काळ नागपूरला बरा नव्हता. १८०३ च्या देवगावच्या तहात कटक प्रांत हातचा गेला होता. गादीवर दुसरे रघूजी होते आणि काशी शहरावर कंपनी सरकारचा अंमल होता. अशा पडत्या दिवसांत नागपूरच्या एका कारभाऱ्याने परमुलखात, परक्या सत्तेखाली पायऱ्या बांधल्या आणि वर भक्कम वाडा उभा केला. १८२४ मध्ये ते वारले आणि घाटाच्या या भागाला लोक त्यांच्या नावाने ओळखू लागले. पुढे १९१५ मध्ये दरभंग्याच्या महाराजांनी वाडा विकत घेतला. आता तिथे महागडे हॉटेल आहे.

हॉटेल आहे याचे दुःख करण्याचे कारण नाही. वाडा वापरात राहिला म्हणून टिकला. पायऱ्या आजही सगळ्यांच्या आहेत. तिथे बसायला तिकीट लागत नाही, स्नानाला पावती लागत नाही, आणि दर पावसाळ्यात गंगा त्या बुडवते तेव्हा पुरानंतरचा गाळ गावच उपसते. या पायऱ्यांची छायाचित्रे मात्र जगभर फिरतात. पहाटेचा सोनेरी उजेड, एक होडी, भगव्या वस्त्रातला एक पाठमोरा माणूस एवढी सामग्री जमली की तिच्या जोरावर साडी, अत्तर, मोबाइल, योगशिबिर, विमानाचे तिकीट, काहीही विकता येते. शांघाय सहकार्य संघटनेने २०२२-२३ साठी वाराणसीला आपली पहिली पर्यटन आणि सांस्कृतिक राजधानी ठरवले. त्या संघटनेत चीनही आहे. सातव्या शतकात जिथला ह्युएनत्सांग काशी आणि सारनाथ पाहायला पायी आला, त्या देशाच्या पर्यटकापुढेही आता हेच चित्र ठेवले जाते.

बाजार काशीला नवा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. पंड्यांच्या वह्या, नावाड्यांचे दर, विणकरांच्या पेढ्या, फुलवाले, लाकूडवाले यांच्यावाचून काशीची यात्रा कधीच झाली नाही. धर्म आणि पैसा यांनी एकमेकांकडे पाठ फिरवून बसावे अशी अपेक्षा धरणारा माणूस तीर्थक्षेत्री कधी गेलेला नसतो. प्रश्न वेगळा आहे. देवाधर्माच्या नावाने एखादा दावा केला जातो, तो हजारो हातांतून पुढे जातो आणि शेवटी एका गांजलेल्या माणसाच्या घरी पोचतो. त्या दाव्याला उत्तरदायी कोण? विकणारा, दाखवणारा, की विश्वास ठेवणारा?

मराठी वाचकाला ययाती ठाऊक आहे तो मुख्यतः वि. स. खांडेकरांमुळे. मुलाचे तारुण्य मागून घेऊन भोग भोगणारा आणि भोगाने वासना शमत नाही हे उशिरा उमगलेला राजा. ग्राहकसंस्कृतीवर बोलताना त्याचे नाव निघणे साहजिक आहे. पण महाभारतातल्या ययातीची गोष्ट तिथे संपत नाही. तो वनात जातो, तप करतो, स्वर्गात पोचतो आणि तिथून पडतो. आदिपर्वातली कथा सांगते, की तपात तुझ्या तोडीचा कोण असे इंद्राने विचारले, तेव्हा देवांत, माणसांत, ऋषींत आपल्यासारखा कोणी नाही असे ययाती म्हणाला. तेवढ्याने त्याचे पुण्य सरले. भोगाच्या अतिरेकाने तो पृथ्वीवर थकला होता, पण स्वर्गातून त्याला खाली आणले ते स्वतःच्या पुण्याच्या बढाईने.

या कथेला काशीचाही एक धागा आहे. उद्योगपर्वात पडत्या ययातीला त्याची लेक माधवी आणि तिचे मुलगे आपापले पुण्य देऊन पुन्हा वर पाठवतात. त्या नातवांपैकी एक काशीच्या दिवोदासाचा मुलगा प्रतर्दन. एकाच माणसाच्या चरित्रात भोगाची अतृप्ती, स्वतःच्या पुण्याचा पुकारा आणि नाव न गाजवता दिलेले दान, ही तिन्ही येतात. बाजाराच्या काळात धर्माने कसे वागावे याचा विचार करायला याहून नेमकी कथा सापडणे कठीण आहे.

आधुनिक जाहिरातीने ययातीच्या दोन्ही चुका जोडून घेतल्या. ३१ मार्च १९२९, ईस्टरचा रविवार. न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर चर्चमधून बाहेर पडणाऱ्या लोकांची पारंपरिक मिरवणूक चालली होती. तीत काही तरुणींनी सगळ्यांसमोर सिगारेटी पेटवल्या. स्त्रियांनी रस्त्यावर सिगारेट ओढणे तेव्हा असभ्य मानले जाई, म्हणून त्या सिगारेटींना स्वातंत्र्याच्या मशाली म्हटले गेले. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्ससकट वर्तमानपत्रांनी हा प्रकार बातमी म्हणून छापला. त्यामागे अमेरिकन टोबॅको कंपनीचा पैसा होता आणि योजना एडवर्ड बर्नेजची, सिग्मंड फ्रॉइडच्या भाच्याची. सणाचा दिवस, देवळातून परतणारी गर्दी आणि स्त्रीमुक्तीची खरी आस, या तिन्ही गोष्टी एका सिगारेटच्या खपासाठी वापरल्या गेल्या. वाचकापुढे जाहिरात आली, पण ती जाहिरात आहे हे त्याला कोणी सांगितले नाही.

याच्या चार वर्षे आधी, १९२५ मध्ये, वृंदावनच्या हिंदी साहित्य संमेलनात भरलेल्या संपादकांच्या सभेत एका मराठी माणसाने इशारा दिला होता. बाबूराव विष्णू पराडकर. जन्म १८८३, काशीतच, मराठी घरात. ‘देशेर कथा’ लिहिणारे सखाराम गणेश देउस्कर हे त्यांचे मामा, आणि त्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद भाच्यानेच केला. १९२० मध्ये शिवप्रसाद गुप्तांनी काशीत ‘आज’ हे दैनिक काढले. ते पराडकरांनी घडवले आणि हिंदी पत्रकारितेला भाषा आणि शिस्त दिली. मुन्शी घाट बांधणाऱ्याप्रमाणे हाही मराठी माणूस काशीला काहीतरी देऊन गेला, आणि महाराष्ट्राला त्याची आठवण फारशी नाही, ही खंत इथे नोंदवलीच पाहिजे.

वृंदावनात पराडकर जे म्हणाले त्याचा आशय असा. उद्याची वर्तमानपत्रे देखणी असतील, पाने वाढतील, छपाई सुरेख होईल, भांडवल मोठे येईल, पण त्यांतला प्राण जाईल. धोरण मालक ठरवतील आणि संपादकाला ते पाळावे लागेल. त्या वेळी वर्तमानपत्रे कागदाच्या बिलापायी बंद पडत होती. भांडवल आले तर बरेच, असे कोणालाही वाटले असते. त्या टंचाईत राहून भरभराटीचा धोका ओळखणे, यात पराडकरांची दृष्टी दिसते.

त्या इशाऱ्याचा प्रत्यय महाराष्ट्राने २००९ मध्ये घेतला. विधानसभा निवडणुकीच्या दिवसांत एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एकच स्तुतिपर मजकूर शब्दशः सारखा छापून आला, तोही बातमी म्हणून. पी. साईनाथ यांनी ते उघड केले. ‘पेड न्यूज’ हा शब्द घरोघरी गेला आणि पुढच्या वर्षी प्रेस कौन्सिलने या विषयावर अहवाल काढला. न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रांना १९२९ मध्ये निदान पैशाचा पत्ता नव्हता. इथे पैसा वर्तमानपत्रानेच घेतला होता. म्हणून हा गुन्हा अधिक जड आहे.

पश्चिमेत बाजार माध्यमांना विकत घेतो, तर चीनमध्ये सत्ता त्यांच्या तोंडावर हात ठेवते, असे ढोबळपणे म्हणता येईल. पण तिथे बाजार आणि सत्ता हातात हात घालून चालतात, आणि त्याची किंमत २००८ मध्ये बाळांनी मोजली. सानलू ही दुधाच्या भुकटीची नामांकित कंपनी. तिच्या मालाला सरकारी तपासणीतून सूट होती आणि ती सूट हीच तिची मोठी जाहिरात होती. भुकटीत मेलामाइन मिसळलेले निघाले. सहा बालके दगावली आणि सुमारे तीन लाख आजारी पडली. बीजिंग ऑलिंपिकच्या तोंडावर अशा बातम्यांवर बंधन होते. स्पर्धा संपल्यानंतर, ११ सप्टेंबरला, शांघायच्या एका दैनिकाने कंपनीचे नाव उघड छापले. पुढच्या वर्षीच्या अन्नसुरक्षा कायद्याने निकृष्ट खाद्यपदार्थाची शिफारस करणाऱ्या व्यक्तीलाही जबाबदार धरले. ही तरतूद चांगलीच आहे. पण मधल्या आठवड्यांत ज्या घरांनी ती भुकटी बाळाला पाजली, त्यांना कायदा उशिराच पोचला.

धर्मस्थळांच्या बाबतीतही चीनने २०१७ मध्ये कडक सूचना काढली. बौद्ध आणि ताओ मंदिरांत व्यापारी गुंतवणूक नको, मंदिरांचे शेअर बाजारात नको. त्यानंतर पुतुओ या पवित्र पर्वताशी जोडलेल्या पर्यटन कंपनीने शेअर बाजारात उतरण्याचा बेत सोडला. शाओलिन मठाचे नाव दूरदूर पोचवणारे तिथले महंत शी योंगशिन २०२५ मध्ये अफरातफरीच्या आरोपाखाली चौकशीत अडकले आणि त्यांचे भिक्षुपद काढून घेण्यात आले. मात्र सरकारने मठ शुद्ध करायला घेतला की मठाला आपले बोलणेही सरकारला विचारून करावे लागते. भारताने हा रस्ता धरू नये.

आपल्याकडे याहून चांगला रस्ता दाखवला तो मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने, जानेवारी २०२१ मध्ये. दूरचित्रवाणीवर हनुमान चालिसा यंत्राच्या जाहिराती चालत. यंत्र घ्या, संकटे टळतील, पैसा येईल, रोग जातील. एका शिक्षकाने दाद मागितली. न्यायमूर्ती तानाजी नलावडे आणि मुकुंद सेवलीकर यांनी निकाल दिला, की कोणत्याही देवाच्या नावाने दैवी शक्तीचा दावा करून वस्तू विकणे आणि तिची जाहिरात दाखवणे महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. जबाबदारी विक्रेत्यापाशी थांबत नाही, वाहिनीपर्यंत जाते. हा कायदा २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर झाला, हे विसरून चालणार नाही. त्यासाठी ते वर्षानुवर्षे झटले होते.

या निकालाने हनुमानावरच्या श्रद्धेला हात लावला नाही. चालिसा म्हणायला कोणाची ना नाही आणि तिला दामही पडत नाहीत. न्यायालयाने अडवला तो भीतीचा व्यापार. साबणाने कपडा स्वच्छ निघाला नाही तर ग्राहक पुढच्या वेळी दुसरा साबण आणतो. यंत्राने मूल बरे झाले नाही तर बाप म्हणतो, आपलीच श्रद्धा कमी पडली. खोट्या दाव्याचा दोष फसवला गेलेला माणूस स्वतःवर घेतो, म्हणून देवाच्या नावाने केलेली जाहिरात इतर जाहिरातींहून क्रूर असते. ती दाखवणाऱ्या वाहिनीने, छापणाऱ्या वर्तमानपत्राने ‘आम्ही फक्त जागा विकली’ असे म्हणणे नैतिक दृष्ट्या टिकत नाही.

सगळी उदाहरणे इतकी काळी-पांढरी नसतात. २०१३ च्या प्रयागच्या कुंभात हिंदुस्तान युनिलिव्हरने सुमारे २५ लाख पोळ्यांवर तापल्या ठशाने प्रश्न उमटवला, लाइफबॉयने हात धुतले का? हात धुणे जीव वाचवते आणि कुंभाच्या गर्दीत तर नक्कीच. संदेश खरा होता. तरी ज्या भाषेत अन्नाला पूर्णब्रह्म म्हणतात तिच्या माणसाला पोळीवरचे कंपनीचे नाव खुपेल, आणि ते खुपणे रास्त आहे. हात धुवा एवढेच लिहिता आले असते. कंपनीचे नाव पोळीवर आले तिथे उपकाराचा पुकारा झाला, आणि ययातीची चूक ती हीच.

२०२५ च्या महाकुंभात मात्र शंकेला जागा उरली नाही. तुमचा फोटो पाठवा, ११०० रुपयांत आम्ही तो संगमात बुडवू, अशी जाहिरात समाजमाध्यमांवर फिरली. चेष्टा म्हणूनही ती लाखोंनी पुढे ढकलली. पुढे ढकलणाऱ्याने छदाम घेतला नाही, तरी प्रसार त्यानेच केला. आज प्रत्येकाच्या खिशात वर्तमानपत्र आहे, त्यामुळे पराडकरांनी संपादकांवर घातलेली जबाबदारी आता वाचकाच्याही वाट्याला आली आहे.

२०२७ मध्ये नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. रामकुंडाची छायाचित्रे तेव्हा मुन्शी घाटाच्या छायाचित्रांसारखीच विक्रीला उभी राहतील. घरबसल्या स्नान, हमखास फलदायी रुद्राक्ष, ग्रहदोष घालवणारे तीर्थ, सगळे येईल. मराठी दैनिकांनी आणि वाहिन्यांनी आताच जाहीर करावे, की दैवी फळाची हमी देणारी एकही जाहिरात आपण घेणार नाही आणि पैसे घेऊन छापलेल्या मजकुरावर ‘जाहिरात’ हा शब्द ठळक छापू. आणि वाचकांनी एवढे करावे. असा दावा दिसला की तो पुढे पाठवू नये, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि ज्या अंकात तो छापला त्याच्या संपादकाला पत्र लिहून जाब विचारावा.