वर काय आहे?

डोंगरावर जायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला: वर काय आहे? सह्याद्रीत या प्रश्नाला उत्तर असतं. किल्ला असतो, पाण्याचं टाकं असतं, निदान फोटो काढायला एखादा कडा असतो. हिंगोलीच्या डोंगरांना हा प्रश्न विचारला की त्यांची पंचाईत होते. शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर औंढा नागनाथ, त्याच्या भोवतीचे डोंगर, तिकडे कळमनुरीच्या बाजूला पसरलेल्या रांगा. चढ तसा फार नाही. धापा टाकत वर पोचावं, तर समोर सपाट माळ. शिखर नाहीच.

आमच्याकडची पोरं रात्रभर गाडीत अंग मोडून घेत हरिश्चंद्रगड करून येतात. जरूर करावा, देखणा गड आहे. पण औंढ्याच्या डोंगरात कधी फिरलात का, असं विचारलं तर म्हणतात, “तिथं काय आहे, सर?”

शिखर का नाही, हे पायवाटेनं चढताना पायांनाच कळतं. आधी मुरमाड, घसरडा उतार. मग काळ्या दगडाचा बांधासारखा उभा पट्टा. त्याच्यावर थोडी सपाटी, की पुन्हा उतार. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. काही थर कठीण होते, काही ठिसूळ. पावसानं ठिसूळ खाल्ले, कठीण राहिले. म्हणून इथला डोंगर पायऱ्यापायऱ्यांनी चढतो आणि एखाद्या चिवट थरावर येऊन थांबतो. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे लालसर मातीचा पट्टा दिसतो. खालचा लाव्हा थंड झाला आणि वरचा यायचा होता, त्या मधल्या काळात ऊनपावसानं झिजून झालेली ही माती. त्यावर हात ठेवला की बोटांना लाल भुकटी लागते. गडावरच्या भगव्यासारखा याचा फोटो काही येत नाही.

आणि वाटा? त्या फिरायला येणाऱ्यांसाठी कुणी पाडलेल्याच नाहीत. बाण नाहीत, पाट्या नाहीत. गुरं चरायला जातात, बाया सरपणाची मोळी आणतात, उन्हाळ्यात तेंदूची पानं तोडायला माणसं जातात, आंधांच्या वस्तीवरून बंजाऱ्यांच्या तांड्याकडे कुणी नेहमी ये-जा करतं. या पायांनी पडलेल्या वाटा आहेत. गुरं सरळ चढत नाहीत, डोंगराच्या अंगानं तिरपी जातात. शहरातला माणूस नवे बूट घालून नाकासमोर चढतो आणि अर्ध्यावर फतकल मारून बसतो. तेवढ्यात मागून निघालेल्या शेळ्या निवांत पुढे जातात. शहाण्यानं शेळ्यांच्या मागे जावं.

एखादा गुराखी भेटला तर तोही आधी हेच म्हणतो, “काहून चाललात वर? वर काहीच नाही, बाप्पा.” मग सावलीला टेकतो आणि सांगू लागतो. त्या नाल्याला पौषापर्यंत पाणी राहतं. पलीकडच्या उतारावरून पहाटे रोह्यांचा कळप शेतात उतरतो. सीताफळं त्या खोऱ्यात जास्त, पण माकडं ठेवतील तर. अमक्या कपारीकडे संध्याकाळचं जाऊ नका, बिबट्याचं पाऊल दिसलं होतं. एवढं सगळं सांगून झाल्यावर उठताना पुन्हा म्हणतो, “बाकी काही नाही.”

आश्विन-कार्तिकात गेलात तर कुसळं तुम्हाला सोडणार नाहीत. पायमोज्यांत, पँटच्या तळाशी, सगळीकडे. वैतागून उपटून फेकण्याआधी एक कुसळ तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. त्याची पिळलेली शेपटी हळूहळू उलगडत फिरू लागते. वाळली की पुन्हा पीळ बसतो. रात्रीचं दव आणि दुपारचं ऊन यांच्या जोरावर हे बी गिरमिटासारखं फिरत जमिनीत उतरतं. नांगर नाही, पेरणारा नाही, आणि डोंगरच्या डोंगर पेरले जातात. सागाचं कोवळं पान चोळलं तर बोटं लालभडक होतात, हे इथल्या पोरांना शाळेत जायच्या आधीच माहीत असतं. मोठेपणी ती विसरतात.

या जिल्ह्यातलं कयाधूकाठचं नर्सी हे संत नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. औंढ्याच्या देवळातली विसोबा खेचरांची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. गुरू शोधत नामदेव आले, तर हा म्हातारा पिंडीवर पाय ठेवून पडलेला. पाय काढा म्हटल्यावर विसोबा म्हणाले, जिथं देव नाही तिथं ठेव. नामदेव पाय उचलून ठेवतील तिथं पिंड. भूगोलाचा आणि अध्यात्माचा संबंध जोडायला गेलं की बहुधा ओढाताण होते, हे मान्य. तरी ही गोष्ट एखाद्या उंच सुळक्याच्या पायथ्याशी न घडता या सपाट माथ्यांच्या मुलुखात घडली, हे मला बरं वाटतं. सगळीकडे सारखंच असेल तर अमुक एका जागी पोचायची घाई कशाला?

‘काहीच नाही’ हीच पुढे या भागाची मोठी लायकी ठरली. औंढ्याजवळच्या दुधाळ्याला गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो प्रयोगशाळा उभी राहते आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं त्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. प्रत्येकी चार किलोमीटरचे दोन हात काटकोनात ठेवायचे, तर सपाट जागा हवी आणि वर्दळ, कारखाने, रेल्वेची धडधड लांब हवी. शास्त्रज्ञ जागा शोधत फिरले आणि आमच्या माळावर आले. गंमत अशी, की याच टापूत पांगरा शिंदे आणि आसपासच्या गावांना जमिनीतून येणाऱ्या गूढ आवाजांची ओळख आहे. २०२४ मध्ये २१ मार्चला आणि १० जुलैला भल्या सकाळी भूकंपाचे धक्केही बसले, तीव्रता ४.५ च्या आसपास. पायाखालचा खडक मेलेला नाही, हे इथल्या म्हाताऱ्यांना यंत्राशिवाय ठाऊक होतं.

तेव्हा एखाद्या रविवारी जा. पावसाळा ओसरल्यापासून पौषापर्यंतचे दिवस चांगले. फाल्गुन-चैत्रात सागाचा पाचोळा पायात असतो आणि एक जळती विडी अख्खा उतार पेटवते, तेव्हा काडीपेटी घरीच ठेवा. भरपूर पाणी न्या. नाल्याच्या पाण्यावर विसंबू नका, त्यावर गुरांचा पहिला हक्क आहे. राखीव वनाची हद्द असेल तर आधी वनरक्षकाला विचारा. पायथ्याच्या गावात कुणाला तरी कोणत्या बाजूनं जाताय ते सांगून निघा, कारण माळावर मोबाइल लागला तरी खाली खोऱ्यात लागेलच असं नाही.