कीड म्हणून जन्मलेल्यांनी जायचं कुठं?

इंग्रजीत माऊस वेगळा आणि रॅट वेगळा. आपल्या बोलीत दोन्ही उंदीरच. फार तर एक लहान, एक मोठा. पण ब्रायन जेक्स या लेखकाच्या रेडवॉलच्या गोष्टी वाचायच्या तर हा फरक आधी डोक्यात घ्यावा लागतो. कारण त्या प्राण्यांच्या दुनियेत माऊस म्हणजे सज्जन आणि रॅट म्हणजे हरामखोर. का? जन्मानं. दुसरं कारण नाही.

पोरासोरांच्या गोष्टीवर आपली पानं कशाला खर्चायची, असं कुणी कार्यकर्ता म्हणेल. दोस्तहो, मी म्हणतो खर्चायची. मनुस्मृती वाचून कुणी जात शिकत नाही. जात शिकतात ती गोष्टी ऐकून, तीही विचार करायचं वय होण्याआधी.

जेक्स काही सरदाराचा पोरगा नव्हे. १९३९ साली लिव्हरपूलला जन्मला, गोदीच्या वस्तीत वाढला. पंधराव्या वर्षी शाळा सुटली. खलाशी, गोदी कामगार, ट्रक ड्रायव्हर, पोलीस, घरोघर दूध टाकणारा, सगळं करून झालं. अंध मुलांच्या एका शाळेत तो दूध पोचवायचा. त्या मुलांसाठी म्हणून त्यानं पहिली गोष्ट लिहिली. ती छापून आली १९८६ साली. २०११ साली तो वारला आणि त्याच वर्षी बाविसावं, शेवटचं पुस्तक आलं.

या सगळ्या पुस्तकांवर सावली आहे मार्टिनची. मार्टिन हा उंदीर, पुराणकाळातला योद्धा, रेडवॉल मठ उभारणाऱ्यांतला एक. मठातल्या विणलेल्या पडद्यावर त्याचं चित्र आहे. संकट आलं की तो कुणाच्या तरी स्वप्नात येतो आणि त्याची तलवार नव्या हातात जाते. १९८८ च्या 'मॉसफ्लॉवर'मध्ये त्सार्मिना नावाची जुलमी रानमांजर त्याच्या बापाची तलवार मोडते. मग एक बॅजर आकाशातून पडलेल्या ताऱ्याच्या धातूचं नवं पातं घडवतो आणि मार्टिन जंगल मुक्त करतो.

पण १९९३ साली जेक्सनं त्याच्या आधीची गोष्ट लिहिली. मार्टिन मुळात गुलाम होता. समुद्रकाठच्या मार्शँक किल्ल्यात बॅड्रँग नावाच्या मालकाचे दगड वाहत होता. गुलामांनी बंड केलं, किल्ला पाडला. त्या लढाईत त्याची सखी रोझ मेली. त्यानंतर मार्टिननं त्या दिवसांबद्दल तोंड उघडलं नाही. म्हणून मठातल्या पिढ्यानपिढ्यांना त्यांचा वीर ठाऊक होता, त्याची बेडी ठाऊक नव्हती. दंतकथा असंच करते. तलवार भिंतीवर टांगते आणि बेडी पुरून टाकते.

इथपर्यंत गोष्ट आपली वाटते. गुलामानं साखळी तोडली, कुणाला आवडणार नाही? पण पुढं बघा.

१९९५ च्या पुस्तकात व्हेल नावाचं फेरेटचं पिलू आहे. फेरेट म्हणजे रॅट, कोल्हा, स्टोट यांच्या पंगतीतला. या सगळ्यांना मठातली मंडळी एकच शब्द वापरतात, त्याचा अर्थ कीड. बापाची टोळी तान्ह्या पोराला टाकून गेली. ब्रायनी नावाच्या उंदरीनं त्याला मठात पोटच्या पोरासारखं वाढवलं. पण नाव ठेवतानाच ते असं ठेवलं, की इंग्रजी अक्षरं फिरवली की दुष्ट आणि नीच असे शब्द निघतात. पोरगं चोऱ्या करतं. मग विष घालतं. मठ त्याला हाकलून देतो. शेवटी सख्ख्या बापानं ब्रायनीवर फेकलेला भाला हाच व्हेल स्वतःच्या अंगावर घेतो आणि मरतो. आणि त्यानंतर ब्रायनीचा निष्कर्ष काय? तो मुळातच वाईट होता.

आता २००१ चं पुस्तक घ्या. पाणमांजराचं तान्हं पोर दरोडेखोरांची टोळी बापाला मारून पळवते आणि त्याला मारेकरी म्हणून तयार करते. तरी तो चांगलाच राहतो. सरदारानं एका कोल्ह्याला सोलायला सांगितलं, तर त्यानं नकार दिला आणि टोळी सोडली. पुढं तो मठात येतो.

दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवा. प्रेमानं वाढवलेला फेरेट वाईट आणि खुनशांनी वाढवलेलं पाणमांजर चांगलं. म्हणजे संगत खोटी, शिक्षण खोटं. रक्त तेवढं खरं.

कुणी म्हणेल, अहो, प्राण्यांच्या गोष्टीत प्राणी आपल्या स्वभावावरच जाणार. पण हे प्राणी कपडे घालतात, भाकऱ्या भाजतात, मठाची घंटा वाजवतात. खऱ्या रानात बॅजर हेजहॉगला फाडून खातो. इथं दोघं एका पंगतीला बसतात. बॅजरला निसर्ग सुटतो, तर रॅटला का सुटत नाही? याला मी निसर्ग म्हणणार नाही. ही व्यवस्था आहे. अपवाद आहेत, १९९४ च्या पुस्तकात ब्लॅगट नावाचा साधाभोळा दर्यावर्दी रॅट आहे. पण अपवादानं नियम मोडत नाही, उलट शोभून दिसतो. 'तू त्यांच्यातला वाटत नाहीस' हे वाक्य कॉलेजात, कचेरीत आपण कौतुक म्हणून ऐकलेलं आहे.

हा रोग एकट्या इंग्रजाचा नाही. पंचतंत्रात मुनी उंदरीची मुलगी करतो, वाढवतो. सूर्य, ढग, वारा, पर्वत अशी स्थळं दाखवतो. ती निवडते उंदीर आणि पुन्हा उंदरी होते. निळीच्या पिंपात पडलेला कोल्हा राजा होतो आणि कोल्हेकुई करून मारला जातो. तात्पर्य तेच. आपल्या जागेवर राहा.

आता खरा प्रश्न. चांगुलपण रक्तातून येत असेल, तर मार्टिनची थोरवी कसली? पाणी ओलं आहे म्हणून कुणी त्याला शाबासकी देत नाही. गुलाम मार्टिन मोठा ठरतो तो कशानं? त्याला मान खाली घालून जगता आलं असतं आणि त्यानं घातली नाही, यानं. ही निवड त्याची. तीच निवड व्हेलनं भाल्यापुढं केली. एकाला आपण वीर म्हणायचं आणि दुसऱ्याला कीड, तर आपण मोजतोय काय? कृत्य की कातडं?

बुद्धाच्या संघानं अंगुलिमालाला प्रव्रज्या दिली. भिक्षेला गेला की लोक त्याला दगड मारायचे आणि तो सोसायचा. केलेल्या कर्माचा जाब त्याला चुकला नाही. पण दार बंद झालं नाही. मठ आणि संघ यांत फरक हाच. व्हेलच्या विषाचा जाब विचाराच. त्याच्या जन्माचा विचारू नका.

आणि मित्रांनो, हे माप आपल्यालाही लागतं. राग आला की आपल्याही तोंडून 'त्यांची जातच तसली' असं निघतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडणारे गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे जन्मानं ब्राह्मण होते. १९३८ साली मनमाडला रेल्वे कामगारांपुढं बाबासाहेबांनी ब्राह्मण्य आणि ब्राह्मण यांत फरक केला. ब्राह्मण्य म्हणजे स्वातंत्र्य, समता, बंधुतेचा नकार, आणि तो कुठल्याही जातीत सापडतो. हे काही शत्रूला माफी देणं नव्हे. शत्रू नेमका कुठं आहे ते ओळखणं आहे. जन्मावरून शत्रू ठरवला तर आपण मनूच्याच तराजूत तोलतोय, फक्त पारडी बदलून.

म्हणून वस्तीतल्या पोरांना मार्टिनची गोष्ट जरूर सांगा. पण सुरुवात मार्शँकच्या दगडांपासून करा, ताऱ्याच्या पात्यापासून नको. मग व्हेलची सांगा, भाल्यापर्यंत. आणि तिथं थांबून पोरांना विचारा, हा कोण होता? ब्रायनीचं उत्तर त्यांना आधी सांगू नका.