नवदांपत्य, पाकपुस्तक आणि रांधण्याचा अधिकार

नवविवाहितांना पाककृतींचे पुस्तक भेट देण्याला एक जुना धार्मिक संदर्भ आहे. सप्तपदीतले पहिले पाऊल अन्नासाठी असते. बळ, संपत्ती, सुख, संतती, ऋतू आणि सख्य यांची पावले त्यानंतर येतात. गृहस्थाश्रमाचा आरंभ अन्नाने होतो, आणि अतिथी, पितर व भूतमात्र यांचा वाटाही त्याच चुलीवरून निघतो. लग्नात भांडीकुंडी देण्याची रीत त्यामुळे सहज समजते. पुस्तक दिले की मात्र प्रश्न उभा राहतो: भांडे देता येते, तसे रांधण्याचे ज्ञान देता येते का?

धर्मशास्त्रात दान म्हणजे देणाऱ्याने वस्तूवरचा आपला हक्क सोडणे आणि घेणाऱ्याचा तिच्यावर हक्क उत्पन्न होणे. विद्येला हे लक्षण पुरते लागू पडत नाही, कारण शिकवल्याने शिकवणाऱ्याची विद्या जात नाही. तरीही विद्यादानाला मोठे स्थान मिळाले आणि पुस्तक देणे हा त्याचाच एक प्रकार मानला गेला. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या १३व्या शतकातील ‘चतुर्वर्गचिंतामणी’ या ग्रंथात तर दानासाठी स्वतंत्र खंड आहे. गीतेच्या १७व्या अध्यायानुसार सात्त्विक दान परतफेडीची अपेक्षा न ठेवता आणि देश, काल, पात्र पाहून दिलेले असते. लग्नाच्या आहेरात परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याची अट क्वचितच पाळली जाते. आहेर वहीत मांडला जातो आणि पुढच्या लग्नात फेडला जातो. पात्राची कसोटी मात्र पाकपुस्तकाला नेमकी लागते. जाडजूड, चकचकीत, रंगीत छायाचित्रांचे पुस्तक देणाऱ्याचा मान राखते. ज्यांना अजून भाताला पाणी किती हे ठाऊक नाही, त्यांच्या हाती ते पडले तर ते शोकेसमध्ये जाते.

पुस्तकातून रांधण्याचे ज्ञान देता येते का, याविषयी विसाव्या शतकातल्या दोन इंग्रज तत्त्वज्ञांनी शंका घेतली, आणि दोघांनीही स्वयंपाकाचा दाखला दिला. गिल्बर्ट राइल यांनी १९४९च्या ‘द कन्सेप्ट ऑफ माइंड’मध्ये एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती करता येणे यांत भेद केला. आचारी आधी मनाशी कृती घोकतो आणि मग रांधतो, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. मायकेल ओकशॉट यांनी १९५१ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दिलेल्या व्याख्यानात म्हटले, की पाकपुस्तकातून पाककला जन्मत नाही. आधी कोणालातरी रांधता येते आणि पुस्तक हा त्या ज्ञानाचा गोषवारा असतो. ज्याला थोडेफार येते त्यालाच तो उमगतो. हे जसेच्या तसे स्वीकारले, तर नवशिक्यांचे पाकपुस्तक ही गोष्टच अशक्य ठरते.

आक्षेप खरा आहे, पण अपुरा आहे. तो कुठे अपुरा पडतो ते पूर्वमीमांसेच्या, म्हणजे वेदातल्या विधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्राच्या, आधाराने दाखवता येते. विधिवाक्याचा अर्थ लावताना मीमांसक तीन गोष्टी विचारतात: काय साधायचे, कशाने साधायचे आणि कसे साधायचे. साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. पाककृती हेही विधिवाक्यच असते. पदार्थाचे नाव हे साध्य, साहित्याची यादी हे साधन आणि कृती ही इतिकर्तव्यता. जाणत्यांनी जाणत्यांसाठी लिहिलेल्या पुस्तकांत हा तिसरा भाग एका वाक्यात उरकलेला असतो: ‘नेहमीप्रमाणे फोडणी करून भाजी परतावी.’ ज्याने कधी फोडणी केली नाही, त्याला यातून काहीच मिळत नाही. तेल पुरेसे तापले हे कसे ओळखावे? मोहरीचा एक दाणा टाकून पाहावा. तो तडतडला की उरलेली मोहरी घालावी. ती तडतडून शांत होऊ लागली की जिरे, मग हिंग, आणि हळद सगळ्यांत शेवटी, कारण ती लगेच करपते. हळदीपाठोपाठ भाजी पडली पाहिजे, म्हणून भाजी आधीच चिरून जवळ असावी. आवाज, वास, रंग आणि क्रम या खुणा सांगितल्या की हाताचे बरेचसे ज्ञान शब्दांत येते. सगळे येत नाही. पोळी सगळीकडून सारखी लाटणे लाटूनच जमते.

ओकशॉट यांच्या नजरेतून निसटलेली दुसरी गोष्ट याहून मोलाची आहे. स्वयंपाकात नवशिका कोरा नसतो. त्याने कधी रांधले नसेल, पण जन्मभर खाल्लेले असते. आमटी कशी लागली पाहिजे हे त्याच्या जिभेला पक्के ठाऊक असते; साध्य त्याच्यापाशी आधीच आहे, तिथवरची वाट तेवढी नाही. म्हणून नवशिक्याला द्यायच्या पुस्तकात त्याने खाल्लेल्या पदार्थांचा भरणा हवा. कधी न चाखलेल्या परदेशी पदार्थांचे पुस्तक कितीही सोपे असले तरी केलेले बरोबर झाले की बिघडले, हे ठरवायला त्याच्याजवळ काहीच नसते.

नवदांपत्याच्या बाबतीत मात्र जिभा दोन असतात. एकीला चिंच-गुळाची, गोड्या मसाल्याची आमटी हीच आमटी वाटते. दुसरीला कांदा-लसूण मसाल्यावाचून ती फिकी लागते. समान बळाची दोन वाक्ये समोर आली तर मीमांसा विकल्प मान्य करते, आणि त्याचे नेहमीचे उदाहरणही धान्याचेच आहे: यज्ञात तांदूळ किंवा जव, दोन्ही चालतात. दोन्ही घरांच्या पदार्थांना जागा देणारे पुस्तक या जोडप्यासाठी अधिक योग्य. तसे एक न मिळाल्यास लहान दोन द्यावीत.

राहिला अधिकाराचा प्रश्न: हे पुस्तक कोणासाठी? मराठीत छापील पाकपुस्तकांची परंपरा रामचंद्र सखाराम गुप्ते यांच्या १८७५च्या ‘सूपशास्त्रा’पर्यंत मागे जाते. नवशिक्यांच्या दृष्टीने सर्वांत गाजलेले पुस्तक मात्र कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०). ‘अंदाजाने’ या शब्दावर न विसंबता वाटी-चमच्याच्या मापाने लिहिलेल्या या पुस्तकाने असंख्य घरांत पहिला स्वयंपाक शिकवला. ओगले यांना गौरवाने ‘सव्वा लाख सुनांची सासू’ म्हटले गेले. त्या गौरवामागचे प्रेम निर्विवाद आहे, पण पुस्तक सुनेच्याच हाती जाणार हे त्यात गृहीत धरलेले आहे. परंपरेला हे गृहीतक सर्वत्र मान्य नाही. जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात अधिकाराची चर्चा आहे, आणि तिथे यज्ञाचा अधिकार पती-पत्नींना मिळून दिला आहे. मनुस्मृतीत चूल, पाटा, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याची घागर यांपासून घडणाऱ्या हिंसेचा दोष गृहस्थाच्या माथी आहे, आणि तो फेडण्यासाठी सांगितलेले पंचमहायज्ञही त्यालाच करायचे आहेत. चुलीचा दोष ज्याचा, त्याला चुलीच्या कामातून मोकळे ठेवण्याला काही आधार नाही. दोघेही नोकरीला जातात अशा घरात तर नाहीच नाही.

पुस्तक निवडताना कुठलेही एक पान उघडून मापे वाटी-चमच्यात आहेत का, आच आणि वेळ सांगितली आहे का, पदार्थ तयार झाल्याची खूण दिली आहे का, एवढे पाहावे. भाषा दोघांनाही सहज वाचता येणारी हवी. मराठी न वाचणारा जोडीदार असेल तर त्याच्या भाषेतले पुस्तक घ्यावे. आणि पहिल्या पानावर वधूचे एकटीचे नाव न घालता दोघांची नावे लिहावीत.